भुजंग शिपायाचा शनिवार

"मी शाळेचा शिपाई हाय, गुरुजी. आंधळ्या लेकराची काठी न्हाई!"

भुजंगाचं हे वाक्य मी भिंतीपलीकडून ऐकलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. आमचं गाव शहागडच्या अलीकडं, हायवे सोडून कोसभर आत. आमचं घर आणि जिल्हा परिषदेची शाळा यांच्यात एकच भिंत, तीही मातीची. मी शाळेत गेले ती दुसरीपर्यंत. पण त्या भिंतीला पाठ लावून ज्वारी निवडता निवडता चौथी किती वेळा पास झाले ते मलाच ठाऊक नाही. त्या दिवशी भिंतीपलीकडं पाढे नव्हते, भांडण होतं. म्हणून सूप खाली ठेवलं आणि नीट कान दिला.

साल अठ्ठ्याऐंशी. जालना जिल्हा होऊन सात वर्षं झाली होती, आणि जिल्हा झाल्यापासून आमच्या शाळेला वरून कागद फार येत होते. तसाच एक कागद हेडमास्तर अप्पाराव गुरुजींच्या हातात असणार. गुरुजी जालन्याच्या मस्तगडचे. सोमवारच्या येष्टीनं यायचे, शनिवारच्या येष्टीनं जायचे, आणि मधल्या दिवसांत शनिवारची वाट बघायचे.

"अरे, मला काय हौस आलीय?" गुरुजी म्हणाले. "वरून पत्र आलंय. दिसत नसलेली मुलंही साध्या शाळेत, सगळ्यांबरोबर बसवायची. एकात्मिक शिक्षण म्हणतात त्याला."

"काय बी म्हणा. पोरगी पडली, धडपडली, तिला बाहेर जायचं झालं, तर कोण पळंल? एकात्मिक का भुजंग?"

"भुजंग," गुरुजींनी खरं ते सांगितलं.

"मंग बिलकुल जमणार न्हाई. मी कुणाचा हमाल न्हाई. हमाली सोडूनच तं हिकडं आल्तो."

"तू नाही म्हणतोस, मी नाही म्हणतो. मग पत्राला उत्तर काय देऊ?"

भांडण म्हणावं तर दोघांचं मत एकच होतं, की पोरगी नको. वाद एवढाच की नको म्हणायचं कुणी. गुरुजींना वाटे शिपायानं म्हणावं, शिपायाला वाटे गुरुजींनी.

आणि ज्या पोरीवरून हे चाललं होतं, ती उमा शाळेच्या दारातच उभी होती. सहा वर्षांची, तेल लावून दोन वेण्या घातलेली. वर्षाची असताना गोवर निघाला, त्यात तिचे डोळे गेले. तिची आई पुष्पाबाई तिचा हात घट्ट धरून उभी. मी ओट्यावरून त्या दोघींना बघत होते.

"आई, हे कुणावर चिडलेत?" उमानं विचारलं.

"पावसावर, बाळा. आला न्हाई ना अजून."

"मंग आपण आत बसू. त्यायला भांडू दे."

आणि आईचा हात सोडून ती आवाजांच्या मधून सरळ आत गेली. पायाला तरटपट्टी लागली तशी खाली बसली आणि मांडीवर दप्तर घेतलं. भांडण संपवून दोघं वर्गात आले तेव्हा पोरगी बसलेली. बसलेल्या लेकराला उठव म्हणायला पुन्हा दोघांपैकी एक लागणार होता. तसा तो निघाला नाही. उमाचं नाव हजेरीत चढलं ते असं.

आता भुजंगाचं सांगते, कारण हे सगळं त्याच्यासाठीच लिहायला घेतलंय. तो आमच्याच गावचा. सातवी झाल्यावर जालन्याच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, गेला, तिथं दहा-बारा वर्षं पोती उचलली आणि पोती शिवली. दाभण असं चालवायचा की म्हणे व्यापारी त्याच्यासाठी खोळंबून राहायचे. मग शिपायाची जागा निघाली आणि तो गावी आला. काळा, उंच, टोपी तिरपी. तोंडानं अखंड कुरकुर. घंटा वाजवली तरी कुरकुर, पाणी भरलं तरी कुरकुर. मात्र घंटा कधी मिनिटभर उशिरा झाली नाही आणि रांजण कधी रिकामा राहिला नाही. पोरं त्याला मामा म्हणायची, मला तो वयनी म्हणायचा.

उमाला शिकवायला दर गुरुवारी जालन्याहून रजनीबाई यायच्या. फिरत्या शिक्षिका. एकट्या बाईकडं चाळीस गावं आणि एक छत्री. त्यांनी उमापुढं सहा चिंचोके मांडले, तीन डावीकडं, तीन उजवीकडं. कुठले ठेवले, कुठले काढले, त्यावरून अक्षर ठरतं म्हणे. पुढं चिंचोके गेले आणि कागदावर उठलेली बारकी टिंबं आली. उमाची बोटं त्यावरून मुंगीसारखी पळायची. हे मी भिंतीतल्या कोनाड्यातून बघितलंय, कारण कोनाडा पडून आरपार झाला होता आणि बुजवायला कुणाला वेळ नव्हता. भुजंगानं मात्र ते कधी बघितलं नाही. गुरुवारी बाईंची छत्री दिसली की तो टपाल आणायच्या नावानं सायकल काढून शहागडला जायचा. बाई आपल्यालाच कामाला लावतील अशी त्याला भीती. त्यामुळं आंधळी माणसं चिंचोक्यांवर वाचतात एवढंच त्याला माहीत. या न बघण्यानंच पुढं घोटाळा झाला.

उमा तिसरीत गेली तेव्हा तिच्यासाठी सरकारी पुस्तकं आली. मोठं पार्सल, आत सात जाडजूड पुस्तकं. गुरुजींनी रजिस्टरात 'सात नग' लिहिलं, सही केली, आणि पुस्तकं कपाटात ठेवायला सांगितली. उघडून बघायची आपल्याकडं रीत नाही, नोंद करायची रीत आहे. पण कपाटाचं दार काही लागेना. पुस्तकं फुगलेली. आणि पुढच्या शनिवारी मोठे साहेब तपासणीला येणार होते.

"भुजंग, ही पुस्तकं नीट करून ठेव. साहेबांना असलं फुगलेलं दिसता कामा नये."

एवढं सांगून गुरुजी येष्टीला गेले. रजनीबाई त्या पंधरवड्यात ट्रेनिंगला पुण्याला गेलेल्या. भुजंगानं पुस्तक उघडलं. एक अक्षर छापलेलं नाही, आणि पानभर पुरळ उठल्यागत खडबडीत. त्याला वाटलं गोदामात ओल लागली. मोंढ्यात रिकाम्या पोत्यांचं बारदान चुरगळलं की त्याची एक रीत आहे. पाण्याचा हात फिरवायचा, चांगलं दाबायचं, वर दगड ठेवायचा, आठ दिवसांत इस्त्री केल्यासारखं होतं. भुजंगाला ती रीत चांगली येत होती. तो माझ्याकडं आला.

"वयनी, पाटा द्या आठ दिवस."

"मंग चटणी कशावर वाटू? तुमच्या पाठीवर?"

"सरकारी काम हाय. साहेब येऊन राह्यले शनिवारी. तुमचा पाटा गावात सगळ्यात वजनी."

पाट्याची तारीफ केल्यावर बाई नाही म्हणत नाही. मी पाटा दिला. धुऊन दिला, तरी लसूण-मिरचीचा वास पाट्याला असतोच, तो काय धुऊन जातो? भुजंगानं एक-एक पान ओल्या फडक्यानं पुसलं, पुस्तकं एकावर एक रचली आणि वर पाटा ठेवला. रोज खालचं पुस्तक वर, वरचं खाली. इतकं मन लावून काम त्यानं केलं, की कणभरही कुरकुरला नाही.

शनिवारी साहेब आले. कपाटाचं दार कसं बराबर लागत होतं. साहेबांनी पुस्तक काढलं, हात फिरवला, खूश झाले. "छान ठेवलीत." मग त्यांनी उमाला पुढं बोलावलं, पान उघडून दिलं. "वाच बाळ."

उमानं पानावर बोटं ठेवली. वरून खाली नेली, खालून वर आणली.

"कोरं हाय."

"कोरं कसं? नीट बघ."

पोरं हसली. उमानं पुन्हा पानभर हात फिरवला. मग ते पान नाकापाशी नेलं, जरा थांबली, दाराकडं, जिथं भुजंग पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता तिकडं, तोंड वळवलं. मग साहेबांना म्हणाली, "कोरंच हाय, साहेब."

साहेबांनी शेरा लिहिला. गुरुजींनी तो मोठ्यानं वाचला म्हणून मला ऐकू आला. 'सदर विद्यार्थिनीस साहित्य पुरवूनही वाचन येत नाही. दिवाळीपूर्वी पुन्हा तपासणी करावी. प्रगती नसल्यास नाव कमी करून घरी पाठवावे.' शेवटचं वाक्य वाचताना गुरुजींचा आवाज जरा हलका झाला होता, सुटका दिसल्यावर होतो तसा.

पुष्पाबाई त्या संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसली. "काकू, पोरगी घरात बसून काय करंल? तिला शाळेचं याड लागलंय. नाव कमी झालं तं ती भिंतीसंग बोलंल."

माझा पाटा तेव्हा परत येऊन ओट्याखालीच पडला होता.

गुरुवारी रजनीबाई आल्या. शेरा वाचून पुस्तक मागितलं, पानावर तळहात ठेवला आणि त्यांचा चेहराच उतरला. "यावर काय ठेवलं होतं?"

गुरुजी म्हणाले, "पुरवठाच असा झाला असेल. गोदामातली हवा..."

"गुरुजी, ही टिंबं म्हणजेच अक्षरं. कुणीतरी सगळी अक्षरं चेपून टाकलीत. सातही पुस्तकांतली."

त्या दिवशी भुजंग नेमका शहागडला गेलेला नव्हता. शेरा ऐकल्यापासून त्याला कुठं जाववत नव्हतं. झाडू हातात धरून तो तसाच उभा राहिला. मग त्यानं कोनाड्याकडं बघितलं. कोनाड्यात मी होते. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि दोघांनीही तोंड उघडलं नाही. गुरुजीही बोलले नाहीत. त्यांनी 'नीट करून ठेव' एवढंच सांगितलं होतं, आणि साहेबांपुढं तर सगळं नीटच होतं.

"नवीन मागवा," भुजंग खालच्या आवाजात म्हणाला.

"मिळणार नाहीत. एकदा पुरवठा झालेल्या शाळेला पाच वर्षं पुन्हा नाही मिळत. हातानं करायची म्हटली तर मी एकटी. माझ्याकडं अकरा मुलं आहेत चाळीस गावांत. दिवाळीला अडीच महिने." बाईंनी पिशवीतून एक पाटीसारखी चौकट काढली, तिला बारक्या खिडक्या, आणि एक टोचणी. "या खिडकीतून कागदाला टोचायचं. एकेक टिंब. एका पानाला तास जातो."

भुजंगानं ती टोचणी हातात घेतली, उलटी-सुलटी केली, अंगठ्यावर दाबून बघितली.

"टोचायचंच हाय ना? लाखभर पोती शिवलीत मी. दावा."

बाईंना वाटलं, केवढा भला माणूस. गुरुजींना वाटलं, याला उन्हाचं काही झालं असेल. आत काय चाललं होतं ते मला आणि त्याला ठाऊक. पोरगी घरी बसली तर ती याच्या हातानं बसणार होती.

त्या शनिवारपासून भुजंगाचं जालन्याला जाणं सुरू झालं. शनिवारी सकाळची शाळा. घंटा वाजवली, कुलूप लावलं, की शहागड फाट्यावरून येष्टी धरायचा. नवीन जालन्यात रजनीबाईंच्या ऑफिसात एका टेबलाच्या कोपऱ्यावर बसून टिंबं शिकायचा आणि दिवेलागणीला परत. जाताना कुरकुर, येताना कुरकुर. "मी कुणाचा हमाल न्हाई, पर काय करता," असं म्हणत पाठीवरचं कागदांचं ओझं माझ्या ओट्यावर टेकवायचा, पाणी प्यायचा, आणि उचलून शाळेत न्यायचा.

पहिलं पान टोचायला त्याला चार दिवस लागले. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बसायचा, टक टक टक. पान झालं, उमाला दिलं. उमानं बोटं फिरवली आणि पोट धरून हसायला लागली.

"मामा, हे कोणच्या गावचं हाय?"

"का गं? बराबर तं हाय. पोरांच्या पुस्तकात बघून टोचलं."

"तुम्ही डावीकून उजवीकं टोचलं. टोचायचं उजवीकून डावीकं. कागद पलटला की मंग सुलटं होतंय. बाईनं सांगितलं न्हाई?"

"सांगितलं असंल. माझं ध्यान न्हाई राह्यलं."

"बसा इथं. आंगठे धरू नका, नुसतं बसा."

आठ वर्षांची मास्तरीण आणि पन्नाशीकडं झुकलेला विद्यार्थी. तिनं त्याचं बोट धरून सहा टिंबांवर फिरवलं. पाटी-चौकट एकच होती, ती बाईंना परत न्यावी लागायची. मग भुजंगानं पत्र्याला भोकं पाडून स्वतःची चौकट केली, आणि टोचणी म्हणून आपलं जुनं दाभण काढलं. दाभणानं कागद फाटायचा. तेव्हा त्यानं त्याचं टोक दगडावर घासून बोथट केलं. ज्या टोकावर आयुष्यभर अभिमान होता, तेच घासून टाकलं. वर कुरकुरला, "धारंची कदरच न्हाई ह्या कामात."

मग कागदाची अडचण आली. साध्या वहीचा कागद टिकेना, जाड कागद लागतो. तो सरकारकडून यायचा तर उमाचं लग्न झाल्यावर आला असता. त्यावर भुजंगानंच तोड काढली. नवीन जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या आणि दुकानं किती तरी. प्रत्येकाचं दरवर्षी कॅलेंडर निघतं, चांगलं जाडजूड, वर टपोऱ्या कपाशीचं चित्र. महिना संपला की ते पान कुणाच्याच कामाचं नाही. भुजंग दुकानोदुकानी फिरून गेलेले महिने मागू लागला. दुकानदार विचारायचे, "काय करतो रे जुन्या तारखांचं?" तर म्हणायचा, "शाळेला लागतात." खोटं नव्हतं ते.

असं उमाचं मराठीचं पुस्तक कपाशीच्या पाठीवर झालं, आणि भूगोल मक्याच्या पाठीवर. ओझ्याला सुतळी बांधलेली, गाठ मोंढ्याची. वर्गातल्या पोरांत उमाशेजारी बसायला मारामारी होऊ लागली. एकतर चित्रं बघायला मिळायची. आणि दुसरं म्हणजे, तोंडी परीक्षेत उमा दप्तराखाली हात घालून वाचायची आणि शेजारच्याला हळूच सांगायची. गुरुजींना फार दिवस उलगडा झाला नाही. झाला तेव्हा म्हणाले, "डोळे असून आंधळीचं बघता का रे!" त्यात चूक काय ते त्यांनाही नीट सांगता येईना.

दिवाळीच्या आठ दिवस आधी साहेब आले. तेच. पण गावं इतकी की त्यांना आधीचं काही आठवत नव्हतं. शेरा वाचून त्यांनी उमाला पुढं बोलावलं. व्हरांड्यात पुष्पाबाई पदराचं टोक चावत उभी होती. भुजंग चहाचा ट्रे घेऊन दारात.

उमानं पान उघडलं आणि वाचायला लागली. धडा नांगराचा होता. न अडखळता तिनं सबंध धडा वाचला, जिथं थांबायचं तिथं थांबली. मग साहेबांनी मधलंच एक पान काढून दिलं, तेही वाचलं. साहेब उठून उभे राहिले. पान उलटून बघतात तर मागं कपाशीची बोंडं आणि मार्च महिना.

"हे काय आहे, गुरुजी?"

अप्पाराव गुरुजींनी घसा साफ केला. "टाकाऊपासून टिकाऊ, साहेब. एक छोटासा प्रयोग."

"भुजंगमामानं टोचलंय सगळं," उमा म्हणाली.

"वा! शिपायाकडूनही शैक्षणिक काम करून घेता," साहेब गुरुजींना म्हणाले. "असे हेडमास्तर पाहिजेत."

नाव कमी करायचा शेरा खोडला. पुष्पाबाई व्हरांड्यातच खाली बसली आणि रडली. गुरुजींना त्या वर्षी जिल्ह्याचा आदर्श शिक्षक म्हणून नारळ-शाल मिळाली. आणि वर्षअखेरीच्या तपासणीत कपाटातली ती सात सपाट पुस्तकं निघाली, तेव्हा भुजंगाला मेमो मिळाला. 'शासकीय साहित्याची हेळसांड केली, खुलासा करा.' भुजंगानं खुलासा लिहिला, एका ओळीचा. 'झाली खरी.' त्यावर काही झालं नाही. मेमोचा कागद मात्र जाड निघाला. त्याच्या पाठीवर त्यानं एकोणतिसाचा पाढा टोचून उमाला दिला. तिला तो अजून पाठ आहे.

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, दिवाळी झाली की शनिवार थांबेल. नाव राहिलं, काम झालं. पण चौथीची पुस्तकं आली नाहीत, मग पाचवीची आली नाहीत. आठवीला उमा शहागडच्या हायस्कुलात गेली. तिथल्या हेडमास्तरांनी तेच जुनं गाणं धरलं, अशी मुलगी आम्ही कशी सांभाळणार, तिची पुस्तकं कुठून आणणार. भुजंगानं पाठीवरचं ओझं त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "ही आठवीची. नववीची पुढच्या उन्हाळ्यात आणतो. मी काय कुणाचा हमाल न्हाई, पर आणतो." अठ्ठ्याण्णव साली पोरगी दहावी झाली. मग अंबडला कॉलेजात. बी.ए.ची जाड जाड पुस्तकं भुजंग टोचायचा. त्यातलं त्याला काय कळायचं? मला विचारायचा, "वयनी, राज्यशास्त्र म्हंजी काय वो?" मी म्हणायची, मला विचारता? पण उमा सांगते, चूक एक नसायची.

या मधल्या काळात वरून येणाऱ्या कागदांवरचं नाव बदललं. एकात्मिक गेलं, समावेशित आलं. शाळेच्या दारावर पाटी लागली. शाळेला पन्नास वर्षं झाली तेव्हा एक पुस्तक निघालं, त्यात अप्पाराव गुरुजींचा शालीतला फोटो आहे आणि 'कॅलेंडर उपक्रम' असा दोन पानांचा लेख आहे. भुजंग त्यात एकदाच येतो, पाहुण्यांना चहा देणाऱ्यांत.

उमा अंबडला जायची होती, त्या दिवशी माझ्या पाया पडायला आली. ओट्यावर बसली, हातानं चाचपडत ओट्याखालचा पाटा शोधला, त्यावर बोटं फिरवली.

"आज्जी, ह्याचंच वजन होतं ना पुस्तकांवर?"

मी हातातली फुंकणी बाजूला ठेवली. "तुला कुणी सांगितलं गं?"

"कुणी कशाला? साहेबापुढं पान उघडलं तं लसणाचा वास आला. एवढा झणझणीत लसूण गावात तुम्हीच वाटता."

"मंग तव्हाच का बोलली न्हाईस? नाव कटायची पाळी आल्ती तुझी!"

"मामा दारात उभा होता. त्याचं कपाळ फुटंल असं वाटलं." ती हसली. "आणि मागून बोलले असते तर त्यानं शनिवारचं जाणं बंद केलं असतं. मला पुस्तकं पाहिजे होती, आज्जी."

तिनं मला शपथ घातली, मामाला सांगायचं नाही. आणि इकडं भुजंगानं मला आठ वर्षांपूर्वीच शपथ घातली होती, पोरीला कळू द्यायचं नाही. दोघांच्या मध्ये मी आणि पाटा.

भुजंग दोन हजार साली रिटायर झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला, तो त्यानं येष्टीच्या ड्रायव्हरला देऊन टाकला. शनिवार थांबला नाही. तोवर अंबड, परतूर, भोकरदन, सगळीकडच्या पोरांचं त्याच्याकडं काही ना काही टोचायला यायचं. रजनीबाई थकल्या होत्या. बाईंच्या चाळीस गावांतली निम्मी त्यांनी हळूहळू त्याच्या पिशवीत टाकली होती.

दोन हजार तीनचा जानेवारी. उमाचं बी.ए.चं शेवटचं वर्ष. जानेवारी म्हणजे भुजंगाची सुगी, आख्खं जुनं वर्ष एकदम भिंतीवरून उतरतं. पंधरा दिवसांपासून त्याला खोकला होता, चालताना धाप लागत होती. मी म्हटलं, "एक शनिवार राहू द्या." म्हणाला, "वयनी, दुकानदार रद्दीत देऊन टाकतेत. जल्दी केली पाहिजे." आणि गेला.

परत आला तेव्हा दिवे लागत होते. ओझं ओट्यावर टेकवलं आणि बराच वेळ खांबाला धरून उभा राहिला. मी पाणी दिलं. दोन घोट घेतले.

"लई झालं ह्या वर्षी," म्हणाला. "ज्वारीवाल्यानं बाराच्या बारा महिने दिले. मी काय कुणाचा हमाल न्हाई, पर पोरीची परीक्षा मार्चात हाय. बाईनं तपासून दिलेली तिची टोचलेली पानं बी ह्यातच हायत, उद्या ती येऊन नेईल."

त्या दिवशी माझ्या अगदी ओठावर आलं होतं. सांगून टाकावं, भुजंगा, तिला सगळं पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, कशाला पाठीवर ओझं घेऊन फिरता? पण त्याच्या तोंडाकडं बघितलं. त्याला तेव्हा ओझं टेकवल्याचंच सुख होतं. मी त्याच्या हातातला तांब्या घेतला.

टोपी नीट तिरपी केली आणि निघाला. मंगळवारी दवाखान्यात गेला, तिथून घरी आला नाही. पण ते मंगळवारचं. शनिवारी तो नेहमीसारखाच चार पावलं गेला आणि नेहमीसारखाच मागं वळला.

"वयनी, उभी ठेवा. वर काई ठेवू नका."

"न्हाई ठेवत," मी म्हटलं, आणि कॅलेंडरांचं ओझं उचलून घरात भिंतीला उभं करून ठेवलं. उमा रविवारी येऊन घेऊन गेली.